चंद्राच्या मातीखाली, आपल्या रानाखाली

साळवेसर,

शाळेच्या शोकसभेत मी बोलले नाही. सुट्टी असूनही सगळे शिक्षक हॉलमध्ये जमले होते. हेडमास्तरांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं, मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, बाईंना रडू आवरत नसेल. तसं नव्हतं. तुम्हाला उद्देशून मी काढलेलं शेवटचं वाक्य कोणतं होतं, ते त्या हॉलमध्ये मला एकटीला ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असताना चार चांगले शब्द बोलायला उभं राहणं मला जमलं नाही.

ते वाक्य असं होतं : "तुमचा चंद्र तुम्हाला लखलाभ असो."

पाडव्यानंतरची गोष्ट. त्यानंतर तुम्ही पावणेदोन महिने होतात. नगरसारख्या गावात, एका शाळेत, दोन गल्ल्या सोडून राहत असताना मी ते पावणेदोन महिने तुमच्याशी बोलले नाही. परीक्षेच्या पर्यवेक्षणाला आपण एकाच वर्गात होतो. तुम्ही खिडकीशी, मी दाराशी. तुम्ही एकदा जवळ येऊन म्हणालात, "बाई, खडू आहे का?" मी पेटीच पुढे केली. तोंड उघडलं नाही.

आता तुमच्याशी बोलते आहे. तुम्हाला हे आवडलं नसतं. ऐकणारा नसताना बोलण्यात काय अर्थ, असं तुम्ही म्हणाला असतात. पण हे लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

आपलं पुस्तक सुरू झालं तो दिवस मला नीट आठवतो. डिसेंबरात अपोलोचं शेवटचं यान चंद्रावर जाऊन आलं होतं. शाळेत सगळ्यांच्या तोंडी चंद्रावर उतरलेल्या दोघांचं कौतुक होतं. तुम्ही मात्र चहाचा कप हातात घेऊन म्हणालात, "मला वर फिरत राहिलेल्या तिसऱ्याचं जास्त कौतुक आहे." मी विचारलं, का. तर तुम्ही सांगितलंत की वर फिरणाऱ्या त्या यानात एक रडार होतं. ते चंद्राच्या जमिनीत रेडिओलहरी सोडत होतं आणि आतल्या थरांवर आपटून परत आलेल्या लहरी टिपत होतं. दुसरं एक यंत्र होतं, रेडिओमीटर, ते काहीच सोडत नव्हतं. चंद्राच्या जमिनीतून आपणहून निघणारी ऊब तेवढी ते मोजत होतं.

"चंद्रातून ऊब निघते?" मी विचारलं.

"तुमच्या या कपातूनही निघते. तीही रेडिओलहरींच्या जातीचीच. आपले डोळे त्या मापाचे नाहीत, एवढंच."

मराठीची बाई मी. विज्ञानाचं मला काय कळत होतं? पण हे सगळं मराठीत कुणीच सांगितलेलं नाही असं मी म्हटलं आणि तुम्ही म्हणालात, "मग सांगू या. मला माहीत आहे, तुम्हाला लिहिता येतं." संक्रांतीच्या आधी आपण लिहायला बसलो होतो. तुमच्या घरी, बाहेरच्या खोलीत, शनिवारी दुपारी. मार्थावहिनी मधूनमधून येऊन विचारायच्या, "पोचलात का चंद्रावर?"

शब्दांवरून आपण किती भांडलो. मी लिहिलं, 'रडार लहरींचे पडसाद ऐकते.' तुम्ही म्हणालात, आवाज नाही तो बाई, पडसाद कसला. मी म्हटलं, सर, खेड्यातल्या माणसाला लहरीची परतलेली तीव्रता म्हणून काय कळणार? शेवटी माझ्या दोन ओळी तुम्ही कुरकुरत का होईना मान्य केल्यात : रडार म्हणजे हाक मारून ओ ऐकणं, आणि रेडिओमीटर म्हणजे हाक न मारता नुसता कान देणं. तुम्ही समासात लाल पेन्सिलीनं 'ठीक' लिहिलंत. तुमच्याकडून 'ठीक' मिळणं म्हणजे मुलांच्या भाषेत पैकीच्या पैकी.

समासात तुमचा दुसरा शब्द असायचा 'कशावरून?'. तो मात्र पानोपानी असायचा.

चंद्रावर सूर्य मावळला की धूळ भराभर गार होते, पण मोठाले दगड ऊब धरून राहतात. म्हणून वरून नुसती ऊब मोजली तरी खाली भुकटी आहे की खडक, ते ओळखता येतं. हे तुम्ही मला अंगणातल्या फरशीवर आणि बाजूच्या मातीवर तिन्हीसांजेला हात ठेवायला लावून शिकवलंत. माती निवली होती, फरशी अजून कढत होती. मी चाळीशीची बाई, अंगणात उकिडवी बसून फरशी चाचपते आहे आणि तुम्ही घड्याळ लावून उभे आहात. वहिनी दारात हसत होत्या. सर, इतकं निखळ काही मी कॉलेज सोडल्यावर शिकले नव्हते.

मग मीच तुम्हाला माझ्या माहेरी नेलं. तिथून सगळं बिघडलं.

माझं माहेर पाथर्डीच्या वाटेवर, नगरहून सात मैलांवर. त्या वर्षी पावसानं पाठ फिरवलेली. विहिरी उघड्या पडल्या होत्या, माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती, मुलांच्या हातावर सुकडी मिळत होती. माझा थोरला भाऊ, दादा, गावचा सरपंच. तो म्हणाला, माणसं नुसती पाण्याचंच बोलून थकलीत, तुमच्या सरांना आणा, चार वेगळ्या गोष्टी कानावर पडू दे. तुम्ही रविवारी आलात. फळा नको म्हणालात. सगळ्यांना गावाबाहेरच्या जुन्या विहिरीपाशी नेलंत, ठणठणीत कोरड्या, आणि कठड्यावरून आत हाक मारलीत. हाक परत आली.

"आवाज जाऊन यायला किती वेळ लागला, त्यावरून तळ किती खोल ते कळतं," तुम्ही म्हणालात. "चंद्राभोवती फिरणारं यान असंच करतं. त्याची हाक जमिनीच्याही आत जाते."

माणसं गुंगून ऐकत होती. तेवढ्यात भागाबाई उभी राहिली. आमच्या शेजारच्या रानातली, खडीच्या कामावरून तशीच आलेली, हाताला चिंध्या बांधलेल्या.

"मास्तर, चांदाच्या पोटातलं दिसतंय, तर मंग आमच्या रानाखालचं पानी का न्हाई दिसत?"

तुम्ही तिला टाळलं नाहीत. समजावून सांगितलंत की चंद्राची माती हाडासारखी कोरडी आहे, म्हणून लहर तिच्यात खोल जाते. आपली काळी माती दुष्काळातसुद्धा आत थोडी ओल धरून असते, तिच्यात शिरलेली लहर दोन-चार हातांतच विझते.

भागाबाईनं हाताची चिंधी घट्ट केली. मग म्हणाली, "म्हंजी पानी हाय, म्हनूनच पानी दिसत न्हाई?"

तुम्ही तिच्याकडे बघत राहिलात. "व्हय," तुम्ही म्हणालात, तिच्याच बोलीत. "तसंच हाय."

परतताना एस.टी.त तुम्ही ते वाक्य दोनदा म्हणून पाहिलंत. दुसऱ्या दिवशी शाळेत भेटेल त्याला तिचं ते वाक्य सांगत होतात. म्हणालात, पंचवीस वर्षं शिकवतोय, असा प्रश्न कुणी विचारला नाही.

मार्चमध्ये गावात नवी विहीर खोदायचं ठरलं. पाणाड्यानं तळहातावर नारळ धरून देवळामागची जागा दाखवली. काहीजण म्हणत होते, ओढ्याकडं खोदा. तंटा वाढला तेव्हा दादा नगरला आला आणि आपण दोघं बसलो होतो तिथं येऊन तुम्हाला म्हणाला, "सर, तुम्ही लढाईत रडारवर होता. तुम्ही बोट ठेवाल तिथं गाव खोदील. न्हाईतर फूट पडंल."

"मला माहीत नाही, दादा."

"अंदाजानं सांगा."

"अंदाजसुद्धा नाही. माहीत नसताना बोट कसं ठेवू?"

दादा हिरमुसून गेला. पाणाड्यानं दाखवलेल्या जागेवर काम सुरू झालं. पस्तीस फुटांवर काळा पाषाण लागला, पाण्याचा टिपूस नाही. सुरुंग लावूनही काही होईना. लोकांचा धीर सुटला. पाडव्याला मी माहेरी गेले तेव्हा दादा उंबऱ्यावर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर टाकून. ते बघून मी परत आले ती तुमच्याकडेच.

मी फार बोलले, सर. तुम्ही ओढ्याकडं बोट दाखवलं असतं तर निदान दुसऱ्या जागी प्रयत्न झाला असता, असं म्हणाले. तुमचं शास्त्र अडीच लाख मैलांवरच्या दगडांना शिवतं आणि सात मैलांवरच्या माणसांना शिवत नाही, असं म्हणाले. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग सावकाश म्हणालात, "बाई, एकदा फौजेत असताना मी..."

"मला फौजेच्या गोष्टी नकोत," मी म्हटलं. आणि मग ते लखलाभाचं वाक्य बोलून उठले.

काय सांगणार होतात तुम्ही? मी वहिनींना विचारलं. त्यांनाही ठाऊक नाही. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर रडारच्या पडद्यासमोर बसत होतात, याच्यापुढे तुम्ही त्यांनाही कधी काही सांगितलं नाहीत. तुम्ही दर ओळीला 'कशावरून?' विचारायचात, त्याच्यामागे तिथलं काही होतं का? ती गोष्ट आता कुणालाच कळणार नाही. मी अर्ध्यावर तोडली.

एवढ्यावर मी थांबले नाही. हेही तुम्हाला सांगायलाच हवं. पुस्तकाच्या शेवटी मी एक वाक्य लिहिलं होतं : 'चंद्राच्या पोटात डोकावणारी हीच लहर उद्या आपल्या कोरड्या रानांखालचे पाणी दाखवील.' तुम्ही त्यावर लाल रेघ मारून 'कशावरून?' लिहिलं होतंत. भांडणानंतर मी मुद्रणप्रत छापखान्यात दिली, तेव्हा ते वाक्य पुन्हा घातलं. तुम्हाला न सांगता. पुस्तकावर दोघांची नावं होती, तरीही.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, बुधवारी सकाळी, वहिनींचा निरोप आला. तुम्ही सायकलवरून कुठूनसे आलात, सायकल भिंतीला लावलीत, ओट्यावर बसलात, पाणी मागितलंत. त्या तांब्या घेऊन बाहेर आल्या तेव्हा तुम्ही खांबाला टेकलेले होतात. त्यांना वाटलं, डोळा लागला.

पाद्रीसाहेबांची प्रार्थना झाल्यावर सगळ्यांनी एकेक मूठ माती टाकली. माझ्या मुठीतली माती चांगलीच तापलेली होती.

अकरा दिवसांनी वहिनींनी मला बोलावून एक पुडकं हातात दिलं. आत पुस्तकाची प्रुफं होती. छापखान्यानं ती तुमच्याच पत्त्यावर धाडली होती, हे मला माहीतच नव्हतं. तुम्ही सगळी तपासली होतीत. ऱ्हस्व-दीर्घसुद्धा, जे माझं काम होतं. मी शेवटच्या पानावर आले. ते वाक्य तिथं होतं. त्यावर रेघ नव्हती. 'कशावरून?' नव्हतं. समासात, लाल नव्हे, साध्या पेन्सिलीनं, अगदी बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'बाईंशी बोलायचे.'

 वहिनींनी मला रडू दिलं.

मग त्यांनी शंभरपानी वही पुढे केली. "यातले आकडे मला कळत नाहीत. रोज पहाटे हिच्यासाठी जायचे."

वहीत रकाने आखलेले होते. तारीख, वेळ, भोक एक ते पाच, आणि नोंद घेणाऱ्याचं नाव. प्रत्येक ओळीला 'साळवे'. पहिली तारीख आपल्या भांडणानंतरच्या तिसऱ्या दिवसाची. पहिल्या पानावर तुम्ही स्वतःपुरतं टिपण केलं होतंत : रानात कमरेइतकी खोल भोकं पाडायची, तळाशी थर्मामीटर सोडायचा. खाली पाणी जवळ असेल तर उन्हाळ्यात तिथली माती शेजारच्या मातीहून किंचित गार लागावी. हाक मारून उपयोग नाही, ऊब तेवढी मोजून बघावी. पुढे कंसात लिहिलं होतं, 'भागाबाईंचे रान, ओढ्याकडची बाजू.'

सात मैल जायचं, सात मैल यायचं. ऊन चढायच्या आत.

"डॉक्टरांनी सायकल बंद करायला सांगितली होती," वहिनी म्हणाल्या. "गेल्या वर्षीच. तुम्हाला बोलले नसतील."

मी वही मिटून त्यांच्याकडे दिली. म्हटलं, "वहिनी, माझ्यामुळं झालं हे. मी त्यांना असं बोलले होते, की..."

"ठाऊक आहे मला काय बोललात ते. ऐकलं मी आतून." त्या वही पुसत होत्या, पदरानं, उगाचच. "राग आला होता मला तुमचा. त्यांना नव्हता आला. ते म्हणाले, बाईंचं बरोबर आहे, नुसतं माहीत नाही म्हणून बसून राहणं बरोबर नाही. आणि त्या बाईचा प्रश्नही त्यांना सोडत नव्हता. तुम्ही नसता बोललात तरी गेले असते. थोडे उशिरा गेले असते, एवढंच."

वहिनींनी मला माफ केलं की नाही, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी छापखान्यात गेले. त्या पानाचे खिळे जुळवून बांधलेले होते. जुळारी म्हणाला, "बाई, प्रुफं परत आली नाहीत, म्हणून उद्या तसंच छपाईला घेणार होतो. एका वाक्यासाठी बांधलेला फर्मा सोडायचा?" मी म्हटलं, सोडा. त्यानं चिमट्यानं एकेक खिळा उचलून खणात टाकला. मी शेवटचा खिळा निघेपर्यंत उभी राहिले. तुम्ही माझ्याशी बोलणार होतात, सर. मीच यायला हवं होतं.

तिथून तशीच माहेरी गेले. दादाला घेऊन भागाबाईच्या रानात गेले. ओढ्याच्या कडेला पाच ठिकाणी भोकांवर चपटे दगड ठेवलेले होते. भागाबाई बांधावरून आली, हात झाडत.

"मास्तर गेलं ते कळलं," ती म्हणाली. "लई वाईट झालं. रोज दिस उगवायच्या आत यायचं. दगूड मी उचलायची, दोरी ते वढायचं."

मी म्हटलं, आता थर्मामीटर शाळेला परत द्यावे लागतील, भोकं बुजवून टाक.

"कशापाई बुजवू? मास्तर म्हनलं हुतं, एक दिस जरी चुकला तरी हिसाब मोडंल. मी चुकवला न्हाई."

तिनं झोपडीत जाऊन बाभळीच्या पाच काठ्या आणल्या. सालं सोललेल्या, वीतभरापेक्षा थोड्या मोठ्या. प्रत्येक काठीवर विळ्यानं पाडलेल्या बारीक खाचा होत्या. तिला आकडे वाचता येत नाहीत. म्हणून रोज पहाटे ती थर्मामीटर वर ओढायची, काठीशी खालचं टोक जुळवून धरायची आणि पारा जिथं असेल तिथं खाच पाडायची. रोजची खाच काठीभोवती थोडी पुढं सरकवलेली, म्हणजे दिवसांची सरमिसळ होऊ नये. तुम्ही पाऱ्याच्या फुग्याला मेण लावून ठेवलं होतंत, त्यामुळं वर काढल्यावर पारा लगेच हलत नसे, हेही तिनं मला समजावून सांगितलं. एकेका काठीवर बारा खाचा. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्या सकाळपर्यंत बारा दिवस.

आम्ही बांधावर बसलो. मी काठीशेजारी थर्मामीटर धरून एकेक खाच वाचत गेले, दादानं आकडे वहीत उतरवले. ओढ्यालगतचं पाचवं भोक तुमच्याही नोंदीत अर्ध्या अंशानं गार होतं. तुम्ही त्याच्यापुढं लिहिलं होतंत, 'इथे बाभळीची सावली येते. कशावरून पाणी?' आणि भोक उन्हात सरकवलं होतंत. भागाबाईच्या खाचांत फरक थोडा कमी झाला आहे, पण गेलेला नाही.

"मंग? पानी हाय का?" तिनं विचारलं.

दादा माझ्याकडं बघत होता. 'हो' म्हणणं सोपं होतं. त्याच्या तोंडाकडं बघून तर फारच सोपं होतं.

"अजून माहीत नाही," मी म्हटलं. "आणखी महिनाभर मोजावं लागेल. पाऊस पडला तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा."

"मोजू की," ती म्हणाली. दादानं वही मिटून माझ्याकडे न देता तिच्याकडे दिली.

नोंद घेणाऱ्याच्या रकान्यात त्या बारा ओळींपुढं मी 'भागाबाई' लिहिलं आहे. शाळेचे थर्मामीटर पावसाळाभर तिच्याकडे राहतील असं हेडमास्तरांना सांगून आले. ते का म्हणून विचारत होते, मी सगळं सांगितलं. शोकसभेत बोलले नाही ते त्यांच्या खोलीत बोलले.

आणि आता दर रविवारी मी माहेरी जाते, भागाबाईला आकडे शिकवायला. तीच म्हणाली, काठ्या सोलून सोलून बाभूळ सपंल, त्यापरीस अक्षर दावा. एक ते चाळीस पुरे आहेत, रानाची माती त्याच्यापुढं जात नाही. गेल्या रविवारी तिनं पहिल्यांदा आपल्या हातानं वहीत आकडा लिहिला. तीन उलटा पडला, त्यामुळं एकतीसच्या जागी एकसष्ट झाले. मी तो खोडू दिला नाही, बरोबर आकडा बाजूला लिहायला लावला.

आज सकाळी दादानं वही पाठवून दिली होती, मी बघावी म्हणून. सोमवारपासूनच्या सहाही ओळी तिच्या हातच्या आहेत. सगळे तीन सरळ आहेत, सर.